अर्धवट जुने पिस्तूल घेण्यापूर्वी

‘घोडाच नाही, मग परवाना कशाला?’ चकमकीचे (गारगोटीच्या ठिणगीने उडणारे) किंवा टोपीचे (स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणारे) जुने पिस्तूल पाहताना गिऱ्हाईक हे हमखास विचारते. एखादा भाग नसला म्हणजे परवान्यातून सुटका झाली, असे कायदा म्हणत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधील तिसरा खंड जुनाट घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देतो खरा, पण ते दुरुस्ती करूनही चालवता येणार नसेल तरच. सगळी मेख ‘दुरुस्ती करूनही’ या दोन शब्दांत आहे. सूट लागू झाली नाही तर ते विनापरवाना अग्निशस्त्र ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड आहे.

म्हणून काय हरवले आहे यापेक्षा काय शिल्लक आहे ते आधी पाहा. गारगोटी धरणारा घोडा, ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी, कमान, चाप, गज, दस्ता यांपैकी काहीही नसले तरी ते नवे करून बसवता येते. नळी शाबूत, तिचे बूड घट्ट आणि कान (नळीतल्या दारूपर्यंत ठिणगी पोचवणारे छिद्र) मोकळा असेल, तर बाकी निम्मे पिस्तूल गायब असूनही ते दुरुस्त होण्याजोगेच मानून चाला. कान गंजाने बुजलेला असणे किंवा टोपीच्या पिस्तुलाचे निपल (टोपी बसवायची पोकळ खुंटी) मोडलेले असणे हे किरकोळ दोष झाले. उलट नळी उभी चिरलेली, बुडाशी गंजून आरपार गेलेली किंवा मुळात भोकच न पाडलेली भरीव असेल, तर सूट मिळण्याची शक्यता खरी. तरीही हा निर्णय विक्रेत्याने किंवा आमच्यासारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने द्यायचा नसतो. तो परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा: पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, इतरत्र जिल्हादंडाधिकारी.

त्याच कलमाचा चौथा खंड सुट्या किरकोळ भागांना सूट देतो, मात्र ते पूरक भागांबरोबर वापरायचे नसतील तरच. आज नुसता घोडा घेतला, सहा महिन्यांनी नळी मिळाली म्हणून तीही घेतली, की हेतू बदलला आणि सूटही गेली. जुनी वस्तू ‘पूर्ण करण्याचा’ मोह इथेच अंगाशी येतो. परवान्याविना शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करणे हा तर वेगळा आणि याहून जड गुन्हा आहे. घरी नळीला भोक पाडून किंवा वेल्डिंग मारून ‘निकामी’ करण्याच्याही भानगडीत पडू नये. कायद्याचे काम होत नाही आणि वस्तूची किंमत मात्र जाते.

‘१८९९ पूर्वीचे म्हणजे मोकळे’ हे वाक्य बरेच ऐकू येते. ती अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यातली रेघ आहे. आपल्या कलम ४५ मध्ये कोणतेच साल नाही. २०२० मध्ये शस्त्र नियम २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘क्युरिओ’ (संग्रही ठेवण्याजोगी जुनी वस्तू) वर्गातील लहान शस्त्रे घेण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही हे स्पष्ट केले, पण वापरायला, सोबत बाळगून फिरायला किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायला लागतो. जयपूरला घेतलेली वस्तू गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला आणणे हे ‘नेणे’च झाले. आपली वस्तू त्या वर्गात बसते का, तेही लेखीच विचारा.

आता भरलेल्या नळीबद्दल. काळी दारू कोरडी राहिली तर शतकानंतरही पेट घेते. ठासणीची शस्त्रे भरूनच खुंटीला टांगली जात, आणि कधी कधी तशीच बाजारात येतात. नळीचे तोंड कोणाकडेही न रोखता, स्वतः बाजूला राहून, आत लाकडी काडी हलकेच सोडा. लोखंडी गज नको. नळीच्या तोंडाशी काडीवर खूण करा, काडी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा आणि ती कानापर्यंत पोचते का बघा. तोंडापासून कान २३ सेंमीवर आणि काडी १९ सेंमीलाच अडली, तर ४ सेंमी काहीतरी आत आहे. पुष्कळदा ते गांधीलमाशीचे घर निघते, पण तसे गृहीत धरू नका. खरवडणे, तापवणे, ड्रिल लावणे टाळा. वस्तू तिथेच ठेवून विक्रेत्याला पोलिसांना कळवायला सांगा आणि सौदा थांबवा.

अर्धवट माल खरा की सजावटीचा, हे बहुधा खुणांवरून कळते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर चार भागांचा (पत्त्यांतल्यासारखा) बदाम व त्यात व्ही.ई.आय.सी. ही अक्षरे, किंवा मागचे पाय टेकून उभा सिंह दिसतो. राजमुकुट आणि ‘टॉवर’ हा शब्द मात्र आजच्या शोभेच्या पिस्तुलांवरही सर्रास असतो, त्यावर भुलू नका. खरा ठसा धातूत ठोकलेला, कडा किंचित उठलेल्या. ओतीव नकलेत तो गुळगुळीत आणि उथळ वाटतो. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो विसाव्या शतकातला किंवा नंतरचा. सगळीकडे सारखाच नारिंगी गंज असेल तर तो बहुधा आम्ल लावून आणलेला.

कागदांत कसूर नको. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, त्याचा क्रमांक बिलावर घ्या. बिलात प्रकार, एकूण लांबी व नळीची लांबी सेंमीमध्ये, तोंडाचा व्यास मिमीमध्ये, खुणा आणि नसलेले प्रत्येक सुटे अंग लिहून घ्या. ‘जुनी पितळी वस्तू, १ नग’ असे बिल चौकशीत कामाचे नाही. दोन्ही बाजू, बूड, कान आणि खुणा यांचे मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो बिलाला जोडा. हा संच परवाना अधिकाऱ्याकडच्या अर्जासोबत द्या, पोच घ्या आणि लेखी उत्तर येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहू द्या. बयाणा देताना ‘प्रतिकूल उत्तर आल्यास रक्कम परत’ ही ओळ पावतीवर हवी.

वाड्याच्या माळ्यावर पिस्तूल सापडले असेल तर ते विकायला आमच्याकडे आणू नका. आहे तिथेच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा, ते सांगतील तसे जमा करा, पावती घ्या. वारसांना नंतर रीतसर अर्ज करता येतो. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे.