टॉर्क पाना आला कुठून आणि मोजतो काय

आज इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) बोल्टांनी आवळताना टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना, हवाच. पण हे हत्यार इंजिनासाठी जन्माला आलेलं नाही. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात कॉनराड बार नावाचा माणूस कामाला होता. पाइपांच्या फ्लँजवर (बोल्टांनी जोडायच्या रुंद कडेवर) एक बोल्ट ढिला तर शेजारचा नको इतका आवळलेला, हे बघून तो वैतागला होता. ठरलेल्या जोरापुढे न आवळणारं हत्यार आपण १९१८ मध्येच काढलं, असा त्याचा दावा होता. पेटंटचा पहिला अर्ज मात्र जॉन शार्पचा, १९३१ चा. पुढे १९३५ मध्ये बार आणि त्याचा भागीदार जॉर्ज फेफरले यांनी जोर भरताच आवाज देणारा रॅचेट पाना (न काढता मागे-पुढे हलवून आवळायचा) आणला. हल्लीच्या ‘टक्’ वाजणाऱ्या पान्याचा हा पूर्वज.

दांडीचा पाना घडला तो क्रायसलर या मोटार कंपनीच्या कामातून. पॉल स्टर्टेव्हंटने १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात एक दांडी जोराने वाकते, दुसरी काट्यासारखी सरळ राहून मुठीजवळच्या पट्टीवर आकडा दाखवते. सैल पडायला स्प्रिंगच नाही, म्हणून माझा भरवसा अजून याच्यावर जास्त.

गोम वेगळीच आहे. हेडला हवा असतो बोल्टचा ताण, आणि पाना मोजतो पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क. त्या जोरातला साधारण ५० टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांत. ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. कोरड्या आट्यांचा आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरलात, तर पाना बरोबर आणि बोल्ट भलताच ताणलेला. बंद भोकात तेल साचलेलं असेल तर इंजिनाच्या ब्लॉकला (मुख्य ओतीव भागाला) तडाही जाऊ शकतो.

आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १० न्यूटन-मीटरच्या (टॉर्कचं एकक) वरच्या क्लिक, म्हणजे ‘टक्’ वाजणाऱ्या, पान्याला ४ टक्क्यांची चूक माफ आहे. तपासणी वर्षाने किंवा ५,००० वेळा वापरल्यावर. (आपल्याकडे किती पाने तपासणीला जातात, हे विचारूच नये.) पण पाना कितीही अचूक असला तरी घर्षणाचं काय? म्हणून पुढे कोनाची पद्धत आली: आधी हलका टॉर्क, मग बोल्ट ९० अंश फिरवायचा, पुन्हा ९० अंश, किंवा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असेल तसं. यात बोल्ट किती ताणायचा ते मुख्यतः आट्यांच्या अंतरावर ठरतं. यातले बरेच बोल्ट मुद्दाम इतके ताणतात की ते पूर्ववत आखडत नाहीत. काढले की नवेच घालायचे. गिऱ्हाईक बिलात नेमकी त्याच ओळीवर हुज्जत घालतं.