ग्लिको

ग्लिको : अल्बेनियात घरोघरी होणारा, साखरेच्या पाकात मुरवलेल्या फळांचा गोड पदार्थ. हिरवे अक्रोड, अंजीर, चेरी, आलुबुखार यांचे ग्लिको सबंध फळाचे असते. संत्रे, नारिंग आणि कलिंगड यांचे मात्र सालीचे. या नोंदीत प्रामुख्याने सालींच्या ग्लिकोचा विचार केला आहे. आपल्या मोरंब्यात फोड आणि पाक एकजीव झाले तरी चालते. ग्लिकोत तुकडा अखंड, आतपर्यंत पारदर्शक आणि दाताखाली किंचित करकरीत राहावा लागतो, आणि भोवतीचा पाक स्वच्छ असावा लागतो.

‘ग्लिको’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘गोड’. ग्रीसमध्ये याच पदार्थाला ‘चमच्याचे गोड’ अशा अर्थाचे नाव आहे. सर्बियन ‘स्लात्को’ आणि बल्गेरियन ‘स्लाद्को’ यांचाही अर्थ ‘गोड’ असाच होतो, पण ते शब्द त्या त्या भाषेतले आहेत. अल्बेनियन भाषेत गोड या अर्थी ‘अंबल’ हा स्वतःचा शब्द असतानाही या पदार्थापुरता ग्रीक शब्द घेतला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे. यावरून काही जण ग्लिकोचे मूळ बायझंटिन (मध्ययुगीन ग्रीकभाषक साम्राज्याच्या) काळात शोधतात. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझने इ.स. पहिल्या शतकात मधात मुरवलेल्या क्विन्स (सफरचंदाच्या जातकुळीतील) फळांचा उल्लेख केला आहे, त्याचाही त्यांना आधार वाटतो. दुसरे मत असे, की ही ऑटोमन (तुर्की साम्राज्याच्या) काळातील शहरी घरांची रीत होय. तुर्की, ग्रीक, स्लाव्ह आणि अल्बेनियन घरांत ती जवळजवळ एकाच रूपात आढळते. हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. दक्षिण अल्बेनियातील शहरांत ग्रीक आणि अल्बेनियन भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या. तेथे पदार्थाचे नाव एका भाषेने आणि रीत सगळ्यांनी मिळून घडवली, असे मानता येते. नावावरून पदार्थाचे जन्मस्थान ठरवणे धोक्याचे.

सालींच्या बाबतीत कालनिर्णयाला फळांचाच आधार घ्यावा लागतो. कडू नारिंग अरबांमार्फत भूमध्य प्रदेशात साधारणतः १० व्या-११ व्या शतकांत आले. गोड संत्रे तेथे रुजले ते बहुधा १५ व्या-१६ व्या शतकांत, आणि त्याच्या प्रसाराशी पोर्तुगीजांचे नाव इतके जोडले गेले, की अल्बेनियनमध्ये त्याला ‘पोर्तोकाल’ असेच म्हणतात. तेव्हा गोड संत्र्याच्या सालीचे ग्लिको यापूर्वीचे असणे संभवत नाही. नारिंगाला अल्बेनियनमध्ये व्हेनिसच्या वळणाचे नाव आहे. मागे मागे गेल्यास ते फार्सी ‘नारंग’ आणि संस्कृत ‘नारंग’ येथे पोचते. साखरेचा अल्बेनियन शब्द ‘शेचेर’ हाही तुर्की-फार्सी मार्गाने ‘शर्करा’शी जुळतो. म्हणजे ग्लिकोची साल आणि साखर यांची नावे मराठी वाचकाच्या ‘नारिंग’ आणि ‘साखर’ या शब्दांची दूरची भावंडे ठरतात. साखर स्वस्त होण्यापूर्वी मध किंवा आटवलेला द्राक्षरस (पेकमेझ) वापरला जात असावा. बीटाची साखर १९ व्या शतकात युरोपभर पसरली, तेव्हा हा पदार्थ सामान्य घरांच्या आवाक्यात आला असावा.

संत्र्याच्या ग्लिकोसाठी जाड, घट्ट सालीचे फळ लागते. नागपुरी संत्र्याची सुटी, पातळ साल या कामाची नाही. ती गुंडाळताना फाटते. आपल्याकडे मोसंबी किंवा नारिंग त्यातल्या त्यात जवळचे. सालीचा वरचा रंगीत थर किसणीवर अगदी हलका घासतात, म्हणजे उग्र तेल कमी होते. मग फळावर उभ्या चिरा देऊन सहा-आठ पाकळ्या काढतात, प्रत्येक पाकळीची गुंडाळी करतात आणि सुईदोऱ्याने त्यांची माळ ओवतात. माळ पाण्यात उकळून ते पाणी टाकून देतात, आणि हे दोन-तीनदा करतात. नारिंगाच्या सालीत नारिंगिन हे कडू द्रव्य असते. थंड पाण्यात ते फारसे विरघळत नाही, पण पाणी तापत जाते तशी त्याची विद्राव्यता झपाट्याने वाढते. म्हणून नुसते भिजवणे पुरत नाही, गरम पाणी बदलावेच लागते. सगळा कडूपणा मात्र घालवायचा नसतो. जिभेवर मागे उरणारा थोडासा कडवटपणा हीच या ग्लिकोची ओळख.

कलिंगडाची रीत वेगळी. वरची हिरवी साल आणि आतला लाल गर काढून मधला पांढरा भाग चौकोनी कापतात आणि काही तास चुन्याच्या निवळीत ठेवतात. आपल्याकडे कोहळ्याच्या पेठ्यासाठीही हेच करतात. संपृक्त निवळीत लिटरला सुमारे १.७ ग्रॅम चुना असतो. तिच्या तीव्र अल्कधर्मीपणामुळे सालीतील पेक्टिनचे (पेशींना सांधून ठेवणाऱ्या द्रव्याचे) मिथिल गट सुटतात आणि मोकळ्या झालेल्या जागी कॅल्शियम बसून पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतो. तयार झालेले कॅल्शियम पेक्टेट उकळीतही विरघळत नाही, म्हणून तुकडा शिजूनही मोडत नाही. निवळी वरची, नितळच घ्यावी. तळचा गाळ घेऊ नये. नंतर तुकडे अनेक पाण्यांनी धुतले नाहीत, तर चुन्याची चव राहते.

पाकासाठी बहुधा सालीच्या वजनाइतकीच साखर घेतात. साल एकदम दाट पाकात टाकली, तर साखर आत शिरण्याआधीच पाणी बाहेर पडते आणि साल आक्रसून चिवट होते. म्हणून थोडा वेळ उकळून भांडे रात्रभर तसेच ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाक पुन्हा आटवतात. पाक १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला उकळू लागला, बशीतला थेंब पसरेनासा झाला, की तो तयार. शेवटी लिंबाचा रस पडतो. आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि बरणीत खडे धरत नाहीत. सुवासासाठी काही घरांत सुगंधी जिरॅनियमचे पान टाकतात. माळेचा दोरा बरणीत भरण्यापूर्वीच ओढून काढतात.

पाहुणा येताच तबकात लहान बशी, चमचा आणि गार पाण्याचा पेला येतो. कॉफी किंवा राकी (फळांची कडक दारू) हीही सोबत असते. बशीत एकच तुकडा आणि थोडा पाक वाढतात. ही रीत डोंगराळ उत्तरेपेक्षा दक्षिणेकडील शहरांत अधिक घट्ट रुजलेली दिसते. लिंबूवर्गीय फळे हिमारा, सारांदा या किनारपट्टीकडची. पण ग्लिकोसाठी सर्वांत नावाजलेले गाव आहे व्ह्योसा नदीकाठचे पर्मेत. तेथील ग्लिकोला ‘स्लो फूड’ या आंतरराष्ट्रीय चळवळीने आपल्या संरक्षित खाद्यपरंपरांत स्थान दिले आहे. पर्मेतची खरी ख्याती मात्र हिरव्या अक्रोडांची. त्यांचे कवच कठीण होण्यापूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाशी ते उतरवावे लागतात.