मत्स्यजिरे आणि बोटुकली: मासा एकच, आतडं वेगळं

रोहूची एक लाख मत्स्यजिरी, म्हणजे तीन दिवसांची पिल्लं, तराजूत घातली तर वजन भरतं जेमतेम 140 ग्रॅम. त्यांना पहिले पाच दिवस रोज खाद्य द्यायचं असतं 600 ग्रॅम, म्हणजे वजनाच्या चौपट. त्याच रोहूच्या दोन-दोन ग्रॅमच्या दहा हजार बोटुकल्यांचं, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचं, वजन 20 किलो. त्यांना दिवसाला 1.2 किलो पुरतं, म्हणजे वजनाच्या सहा टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणालाही प्रश्न पडावा: टाचणीच्या डोक्याएवढं तोंड असलेला जीव स्वतःच्या चौपट खातो कसा?

तो ते सगळं खात नाही. या दोन अवस्थांमधला सगळा फरक त्या उत्तरात आहे.

गल्लत होते ती मुळात शब्दामुळे. शेततळ्यात मासे सोडणारा शेतकरी 'बीज आणलं' एवढंच म्हणतो. ते बीज तीन दिवसांचं जिरं असू शकतं, पंचवीस मिलिमीटरचं मत्स्यबीज असू शकतं, नाहीतर बोटाएवढी बोटुकली. जिरं सहा ते आठ मिलिमीटरचं, जवळजवळ पारदर्शक. बोटुकली पन्नास मिलिमीटरच्या पुढची, खवले आलेली, मोठ्या माशाची हुबेहूब छोटी प्रत दिसणारी. म्हणूनच बोटुकलीचं खाद्य आणखी बारीक दळलं की जिऱ्याचं खाद्य झालं, असं सरळ वाटतं. पण जिरं म्हणजे छोटी बोटुकली नव्हे. त्याची पचनाची यंत्रणा अजून बांधली जात असते.

आत काय असतं

हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, अंडं फलित झाल्यावर 14 ते 18 तासांत पिल्लू बाहेर येतं. त्या वेळी त्याचं तोंड बंद असतं आणि आतडं म्हणजे एक सरळ नळी. पोटाखाली पिवळ्या बलकाची पिशवी असते, तीच शिदोरी. ती साधारण 72 तास पुरते. तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं, पिल्लू आडवं पोहू लागतं आणि हॅचरीवाला ते विकायला काढतो. जिऱ्याच्या व्यवहारातली घाई इथून येते: जिरं तुमच्या हाती पडतं तेव्हा त्याची शिदोरी नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली असते. त्या दिवशी तळ्यात योग्य घास नसेल तर दोन दिवसांनी खाद्य टाकून उपयोग नाही. उपाशी राहिलेल्या जिऱ्याचं आतड्याचं अस्तर झिजतं आणि मग समोर अन्न असूनही ते पचत नाही.

या वयात आतड्याची लांबी शरीराच्या लांबीपेक्षाही कमी असते. घशातले दात कामाचे झालेले नसतात. पाचक रस असतात, पण थोडे. त्यामुळे जिरं एक वेगळीच युक्ती वापरतं: आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी पुरतं न तुटलेलं प्रथिन थेट आत ओढून घेतात आणि पेशीच्या पोटात पचवतात. ही सोय मऊ, पाणीदार, प्रथिनांनी भरलेल्या घासासाठी आहे. रोटिफर, मोइना, डॅफ्नियाची पिल्लं यांसारखे प्राणी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, नेमके तसे असतात. शिवाय ते हलतात, म्हणून जिऱ्याला दिसतात. कोंड्याचा कण हलत नाही, तंतुमय असतो आणि या आतड्यातून बराचसा तसाच बाहेर पडतो.

आता बोटुकली बघा. दहा सेंटिमीटरची एक मेलेली रोहू बोटुकली चिरून आतडं अलगद बाहेर काढलं तर जिलेबीसारखी वेटोळी दिसतात. ती सोडवत फुटपट्टीवर ताणली की आतडं माशाच्या कितीतरी पट लांब भरतं. पूर्ण वाढलेल्या रोहूत ते शरीराच्या सात-आठ पटींच्या पुढे जातं. कटल्यात वेटोळी कमी, कारण कटला मोठेपणीही प्राणी प्लवंगच जास्त खातो. रोहू मात्र वाढता वाढता शैवाल, सडकी पानं, वनस्पतींचे बारीक तुकडे यांच्याकडे वळतो आणि असं अन्न पचायला लांब वाट लागते. पिष्ट तोडणारा अमायलेज हा रसही बोटुकलीत भरपूर झालेला असतो. म्हणून जो भाताचा कोंडा जिऱ्यातून तसाच जातो, तो बोटुकलीच्या अंगी लागतो.

एक गोष्ट मात्र जिरं आणि बोटुकली दोघांतही सारखी आहे, आणि बरेच मत्स्यशेतकरी ती विसरतात: रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या कार्प गटातल्या माशांना जठर कधी येतच नाही. आतड्याचा पुढचा भाग थोडा फुगीर असतो, पण तिथे आम्ल नाही आणि प्रथिन तोडणारं पेप्सिन नाही. त्याचे दोन परिणाम रोजच्या कामात दिसतात. एक, साठवणीची जागा नसल्याने एकदाच भरपूर टाकलेलं खाद्य वाया जातं. थोडं थोडं, ठरल्या वेळी द्यावं लागतं. दोन, हाडाच्या चुऱ्यातला स्फुरद आम्लाशिवाय सुटत नाही. खाद्याच्या पोत्यावर स्फुरदाचा आकडा मोठा दिसतो, पण कार्पच्या अंगी त्यातला थोडाच लागतो. मोनोकॅल्शियम फॉस्फेट घातलेलं खाद्य इथे खरं उपयोगी.

मग ते चौपट खाद्य जातं कुठे

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, मैद्याच्या चाळणीतून चाळलेला, हे जिऱ्यासाठी देशभर सांगितलं जाणारं खाद्य. त्यातले अगदी बारीक कण जिरं खातं. बरंचसं पाण्यात विरतं, त्यावर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर रोटिफर आणि मोइना वाढतात, आणि ते जिरं खातं. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात आपण मासे नाही, तळं पोसत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की संगोपन तळ्याची, म्हणजे जिरं वाढवायच्या तळ्याची, बाकीची कामं आपोआप समजतात.

दहा गुंठ्यांच्या मातीच्या तळ्याचा हिशोब धरू, पाणी साधारण एक मीटर. तळं आटवता येत नसेल तर आधी भक्षक मासे मारण्यासाठी 250 किलो मोहाची पेंड. तिचं विष उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून जिऱ्याची तारीख ठरण्याआधीच ती टाकलेली हवी. मग चुना 20 ते 30 किलो. त्यानंतर 75 किलो शेंगदाणा पेंड, 20 किलो ताजं शेण आणि 5 किलो सिंगल सुपर फॉस्फेट भिजवून त्यांचा काला करायचा. अर्धा काला जिरे सोडण्याआधी दोन-तीन दिवस पाण्यात फिरवायचा, उरलेला पुढे दोन-तीन हप्त्यांत, पाण्याचा रंग बघून.

ही दोन-तीन दिवसांची अट नीट पाळण्यासारखी आहे. खत घातल्यावर प्राणी प्लवंग एका क्रमाने येतात: आधी रोटिफर, मग मोइना-डॅफ्निया, मग सायक्लॉप्ससारखे कोपेपॉड. जिऱ्याच्या पहिल्या घासाला रोटिफर आणि बारीक मोइना हवेत. खत आठ-दहा दिवस आधी पडलं तर जिरं येईपर्यंत तळ्यात सायक्लॉप्सची गर्दी झालेली असते. ते जिऱ्याच्या तोंडात मावत नाहीत, उलट जिऱ्यालाच चावतात. प्लवंग जाळीतून 50 लिटर पाणी गाळून नळीत एक ते दोन मिलिलिटर गाळ बसला म्हणजे अन्न पुरेसं. पण नळी उजेडात धरून ते ठिपके केवढे आहेत हेही बघावं.

सोडण्याच्या आदल्या दिवशी पाणकिड्यांचा बंदोबस्त. पाठीवर पोहणारे किडे आणि पाणभुंग्यांच्या अळ्या एका रात्रीत हजारो जिरी संपवतात. दहा गुंठ्यांना 1.8 किलो स्वस्त साबण आणि 5.6 किलो खाद्यतेल एकत्र घोटून पाण्यावर तवंग द्यायचा. वारा पडलेला असताना, नाहीतर तवंग एका काठाला जातो. किडे श्वासाला वर येतात तेव्हा गुदमरतात. जिऱ्याला त्रास नाही, कारण ते कल्ल्यांनी श्वास घेतं.

एवढी तयारी असेल तर दहा गुंठ्यांत तीन ते पाच लाख जिरी. तीन लाखांना पहिले पाच दिवस रोज 1.8 किलो, नंतर 3.6 किलो, सकाळ-संध्याकाळ दोन समान वाट्यांत. पंधरा ते वीस दिवसांत ती पंचवीस मिलिमीटरची होतात. चांगल्या तळ्यात चाळीस-पन्नास टक्के जगतात. हा आकडा कमी वाटतो, पण वाईट तयारी झालेल्या तळ्यात त्याचा निम्माही हाती येत नाही.

संगोपन तळ्यात एका वेळी एकच जात सोडावी, कारण या वयात कटला, रोहू आणि मृगळ तिघंही तेच प्राणी प्लवंग खातात. कटला वरचा, रोहू मधला आणि मृगळ तळाचा मासा ही आपण शिकलेली वाटणी बोटुकली होईपर्यंत उतरलेली नसते. जिऱ्यांचं मिश्रण सोडून 'तीन थरांचा फायदा घेतला' असं समजणारा खरं तर एकाच ताटावर तिघांना बसवतो.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हे सगळं आणखी कठीण. तळाची माती नाही, म्हणून प्लवंगाची अंडी नाहीत आणि घातलेलं खत धरून ठेवणारं काही नाही. अशा तळ्यात जिरं सोडू नये, बोटुकलीच आणावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. जिरंच वाढवायचं असेल तर शेजारी मातीचा लहान खड्डा बरा.

बोटुकलीला तळं नाही, ताट लागतं

मत्स्यबीजाची बोटुकली जिथे वाढवतात त्या संवर्धन तळ्यात हिशोब बदलतो. आता वजन मोजून टक्क्यांनी खाद्य: सुरुवातीला आठ-दहा टक्के, वाढ होत जाईल तसं पाच-सहा. दर पंधरा दिवसांनी जाळं मारून शंभर मासे मोजून सरासरी काढायची आणि त्यावर नवा आकडा. प्रथिनं तीस टक्क्यांच्या आसपास चालतात. जिऱ्याच्या वाढीला याहून जास्त लागतात आणि ती त्याला प्लवंगातून मिळतात. घशातले दात आता तयार असतात आणि टाळूकडच्या कडक गादीवर घास रगडतात, म्हणून दाणेदार खाद्य चालतं. दाणा तोंडाच्या उघडीच्या निम्म्याहून मोठा नको.

इथली चूक उलट दिशेची असते. जिऱ्याच्या सवयीने भुकटी उडवत राहिलं की बोटुकलीच्या तोंडी थोडंच लागतं, उरलेलं पाणी नासवतं. हिरवं पाणी दाट होतं आणि पहाटे प्राणवायू संपून मासे वर येऊन तोंड मारू लागतात. म्हणून खाद्य ताटात किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत, रोज त्याच जागी, ऊन वर आल्यावर. दोन तासांनी ताट उचलून बघायचं. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी. ढगाळ दिवशी अर्धं. विदर्भात-खानदेशात थंडीने पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की आतड्याची गती मंदावते, तेव्हाही हात आखडता.

बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड दोन्ही अवस्थांत बाद. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवतं आणि उकळून, वाळवूनही जात नाही.

पंगसला हे वेळापत्रक लावू नये

पंगस हा कार्प नव्हे. त्याला जठर आहे, आम्ल आहे, आणि जिरं असतानाच रुंद तोंड आहे. बलक संपताच पंगसची पिल्लं एकमेकांना चावतात. त्यांना सुरुवातीपासून भरपूर जिवंत अन्न आणि आकारानुसार वारंवार निवड लागते. रोहूचं वेळापत्रक पंगसला लावून अर्धी पिल्लं गमावणारे दर पावसाळ्यात भेटतात.

भूक कुणाला चालते

ओळखण्याची सोपी जागा म्हणजे पोट. पांढऱ्या बशीत पाण्यासकट पाच-सहा जिरी घेऊन उजेडात बघा: कल्ल्यांपासून गुदद्वारापर्यंत तपकिरी रेघ दिसली तर आतडं भरलेलं. रेघ मधेच तुटली असेल किंवा सगळं अंग काचेसारखं असेल तर तळ्यात अन्न नाही. त्याच दिवशी काल्याचा पुढचा हप्ता नको, आधी दुसऱ्या तळ्यातले प्लवंग गाळून आणून सोडा, कारण खताला प्लवंग व्हायला लागणारा वेळ या जिऱ्यांकडे नाही. बोटुकलीत रेघ दिसत नाही. तिथे शेपटीमागे लोंबणारी विष्ठेची दोरी बघायची. सलग, गडद दोरी चांगली. पांढरट, धाग्यासारखी असेल तर आतडं बिघडलेलं किंवा रिकामं.

वाहतुकीतही नियम उलटे आहेत. बोटुकल्या पाठवायच्या तर आदल्या दिवशी खाद्य बंद, आणि 12 ते 24 तास हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवून आतडं रिकामं होऊ द्यायचं. नाहीतर प्राणवायू भरलेल्या पिशवीत विष्ठा आणि अमोनिया साठून पोचेपर्यंत निम्म्या आडव्या होतात. जिऱ्याला हा उपवास देऊ नये. त्याला हॅचरीतून तळ्यापर्यंत कमीत कमी तासांत आणायचं, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं आणि संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पिशवी आडवी करून त्यांचं ते बाहेर पडू द्यायचं.