सहकाऱ्यांसाठीचे इंग्रजी शब्द

नोकरीच्या ठिकाणी आपल्या बरोबरीने, आपल्या वर किंवा हाताखाली काम करणाऱ्या माणसांसाठी इंग्रजीत वापरले जाणारे शब्द. मराठीत ‘सहकारी’ आणि ‘साहेब’ या दोन शब्दांवर कचेरीतला बराचसा व्यवहार निभावतो. इंग्रजीत शब्द निवडतानाच त्या माणसाची जागा ठरते, आणि एकाच शब्दाची जागा देशागणिक बदलते. मराठी भाषकांची अडचण व्याकरणापेक्षा इथेच जास्त होते.

सर्वांत निर्धोक शब्द ‘कलीग’. तो लॅटिन ‘कोलेगा’वरून आला. प्राचीन रोममध्ये दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात, अधिकार दोघांना सारखेच. ते एकमेकांचे कोलेगा. शब्दातली ही बरोबरी आजही टिकून आहे, म्हणून हाताखालच्या माणसाची ओळख ‘माय कलीग’ अशी करून दिली तर त्याचा मान राहतो. डॉक्टर, वकील, प्राध्यापक दुसऱ्या संस्थेतल्या समव्यावसायिकालाही कलीग म्हणतात. ‘को-वर्कर’ मात्र एकाच ठिकाणी काम करणारा. हा शब्द अमेरिकेत अधिक चालतो. तो जोडरेघेसह आणि जोडरेघेविना, दोन्ही प्रकारे लिहिला जातो, पण रेघ ठेवलेली बरी, नाहीतर वाचणाऱ्याची नजर आधी ‘काऊ’वर, म्हणजे गाईवर, अडते.

कलीगचा मूळ उच्चार ‘कॉलीग’, जोर पहिल्या अक्षरावर. स्पेलिंग सी-ओ-एल-एल-ई-ए-जी-यू-ई. यातले ए आणि यू गळाले की उरते नेमके ‘कॉलेज’, आणि रजेवर सहकाऱ्याऐवजी महाविद्यालय जाते. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असल्याने हा घोटाळा सहज होतो. दुसरा घोटाळा मराठीकडून येतो: आपल्याकडे बँकही सहकारी आणि शेजारच्या टेबलावरचा माणूसही सहकारी. बँक ‘को-ऑपरेटिव्ह’, माणूस ‘कलीग’. माणसाला ‘को-ऑपरेटिव्ह’ म्हटले तर अर्थ होतो ‘मदतीला तयार असणारा’.

वरच्या माणसाला ‘माय सिनियर’ म्हणणे ही भारतीय इंग्रजीची रीत आहे. अमेरिकेत सिनियर म्हणजे शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी किंवा वृद्ध व्यक्ती. तिथे ‘मॅनेजर’ किंवा ‘सुपरवायझर’ म्हणावे, ब्रिटनमध्ये ‘लाइन मॅनेजर’. आपला ‘रिपोर्टिंग मॅनेजर’ तिकडे फारसा ऐकू येत नाही. ‘बॉस’ हा डच ‘बास’वरून अमेरिकेत रुळलेला शब्द बोलण्यात चालतो, औपचारिक पत्रात टाळावा. ‘जोशी सर’ ही रचना तर मूळ इंग्रजीत नाहीच. तिथे ‘सर’ एकटा येतो, किंवा किताब म्हणून पहिल्या नावाआधी: ‘सर आयझॅक’, ‘सर न्यूटन’ नव्हे. एरवी ‘मिस्टर’ आणि आडनाव, किंवा रीत असेल तर सरळ पहिले नाव.

हाताखालच्यांसाठी ‘सबऑर्डिनेट’ हा शब्द नियमावलीत ठीक, पण माणसासमोर कोरडा आणि खाली ढकलणारा वाटतो. ‘शी वर्क्स अंडर मी’ऐवजी ‘शी इज ऑन माय टीम’ म्हणावे; अधिकाराची साखळी सांगायची असेल तर ‘शी रिपोर्ट्स टू मी’.

सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘पिऊन’. भारतात ते पदाचे नाव होते आणि काही कार्यालयांत अजून आहे. अमेरिकेत मात्र तो राबणाऱ्या, किंमत नसलेल्या माणसाला हिणवण्यासाठी वापरतात. भारतात हा शब्द पोर्तुगीजमधून आला, मूळ अर्थ पायदळातला सैनिक. बुद्धिबळातला ‘पॉन’ त्याच घराण्यातला. मराठीतला ‘शिपाई’ फारसीतून आला, तोही सैनिकच, आणि पटावरचे ‘प्यादे’ म्हणजेही पायदळातला सैनिक. दोन वेगळ्या वाटांनी सैनिकच कचेरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. परदेशी पत्रव्यवहारात ‘ऑफिस असिस्टंट’ लिहावे.

‘स्टाफ’ हा समूहवाचक शब्द. एक माणूस ‘अ स्टाफ’ होत नाही, दोन माणसे ‘टू स्टाफ्स’ होत नाहीत. ‘टू मेंबर्स ऑफ स्टाफ’ म्हणावे. अमेरिकी विद्यापीठांत शिकवणारे ते ‘फॅकल्टी’, बाकीचे ‘स्टाफ’. ब्रिटनमध्ये शिक्षकही स्टाफच. धंद्याबाहेर ‘माय पार्टनर’ म्हटले की ऐकणारा जोडीदार समजतो. भागीदारच सांगायचा असेल तर ‘बिझनेस पार्टनर’. वकिलांच्या अमेरिकी फर्ममध्ये पार्टनर भागीदार असतो, ‘असोसिएट’ म्हणजे अजून भागीदार न झालेला पगारी वकील.

रुग्णालयात आपण प्रत्येक परिचारिकेला ‘सिस्टर’ आणि पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतो. ब्रिटनमध्ये ‘सिस्टर’ हे वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ परिचारिकेचे पद आहे, त्यामुळे नव्या परिचारिकेला तसे म्हटले तर पदाची गल्लत होते. पुरुषासाठी तिथे ‘ब्रदर’ नाही, त्या पदावर तो ‘चार्ज नर्स’. अमेरिकेत ‘सिस्टर’ म्हटले की ख्रिस्ती जोगीण डोळ्यांसमोर येते. तिथे ‘नर्स’ म्हणावे किंवा छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव वाचून त्या नावाने हाक मारावी.