शेवटच्या दहा टक्क्यांचं बिल

प्रोसेसरचा वेग कसा वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग कसं करायचं, हे आता बारावीतलं पोरगंही सांगतं. पीसी चालू होताना डिलीट दाबायचं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरायचं आणि 100 मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला लावलेला गुणक 50 चा 52 करायचा. सेव्ह करून बाहेर पडलं की 5.0 गिगाहर्ट्झचे 5.2 झाले. विंडोज उघडली तर ठीक, ब्लू स्क्रीन आली तर थोडं व्होल्टेज वाढवून पुन्हा. (इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावात ‘के’ असतो, त्यांचाच गुणक मोकळा असतो. एएमडीच्या बहुतेक रायझनचा मोकळाच येतो.)

सगळी गोम त्या ‘थोडं व्होल्टेज वाढवून’ या तीन शब्दांत आहे. आणि नागपुरात मे महिन्यात पीसी वापरणाऱ्याला ती पुस्तक न उघडताही कळते.

5 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधला वेळ 0.2 नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त सहा सेंटिमीटर पुढे जातो. याच फटीत चिपमधला संकेत ट्रान्झिस्टरांच्या एका लांब साखळीतून पार होऊन पुढच्या ठोक्याआधी जागेवर पोचायला हवा. उशीर झाला तर चुकीचा बिट पकडला जातो आणि गणित बिघडतं. ठोके जवळ आणायचे तर ट्रान्झिस्टर अधिक झपाट्याने उघडझाप करायला हवेत, आणि त्यासाठी त्यांना जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून वेग एकटा वाढत नाही, व्होल्टेजला सोबत घेऊनच वर जातो.

आता विजेचा हिशेब. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत आणि वेगाच्या पटीत वाढते. वेग 10 टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही 10 टक्के वाढवावं लागलं, तर 1.1 गुणिले 1.1 गुणिले 1.1, म्हणजे 1.33. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जास्त वीज. हेच उलट्या दिशेने करून बघा: वेग आणि व्होल्टेज दोन्ही 10 टक्के खाली आणले तर 0.73, म्हणजे सत्तावीस टक्के बचत. प्रत्यक्ष चिप या सूत्राला तंतोतंत धरून चालत नाही. वरच्या टोकाला तर ती सूत्रापेक्षाही वाईट वागते, कारण तिथे पुढच्या प्रत्येक 100 मेगाहर्ट्झला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज मागते.

हे कायम असं नव्हतं. 1974 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं तर त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवता येतं. मग त्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग, आणि विजेचा खर्च मात्र तेवढाच. पुढची तीसेक वर्षं सगळा उद्योग या फुकटच्या जेवणावर जगला. ओव्हरक्लॉकिंगचा सुवर्णकाळही तोच. 1998 चा इंटेलचा सेलेरॉन 300ए घ्या. 300 मेगाहर्ट्झचा हा स्वस्तातला प्रोसेसर. मदरबोर्डचा बस वेग, म्हणजे गुणकाखालचा मूळ ठोका, 66 वरून 100 वर नेला की बहुतेक वेळा 450 वर निवांत पळायचा. दीडपट वेग, तोही फुकट! आजही ज्यांच्या डोक्यात ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने लपवून ठेवलेलं धन आहे, ते त्या जमान्यात अडकलेत.

2004-05 च्या सुमारास हे जेवण संपलं. व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास आलं आणि तिथेच अडलं, कारण त्याखाली गेलं की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही करंट झिरपायला लागतो. इंटेलचा पेंटियम 4 नोव्हेंबर 2004 मध्ये 3.8 गिगाहर्ट्झला पोचला. 4 गिगाहर्ट्झची आवृत्ती त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, कंपनीने रद्द केली होती. 2024 मधला कोअर आय9-14900केएस एका-दोन कोअरपुरता (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) 6.2 गिगाहर्ट्झ गाठतो. वीस वर्षांत वेग दुप्पटही झाला नाही. जे काही वाढलं ते कोअरच्या संख्येत आणि प्रत्येक ठोक्यात होणाऱ्या कामात.

वेग विकायची जुनी सवय मात्र कंपन्यांची सुटलेली नाही. आजचा महागडा प्रोसेसर खोक्यातून निघतानाच वेग आणि विजेच्या वक्ररेषेच्या उभ्या चढावर नेऊन ठेवलेला असतो. 14900केएसची बूस्टमधली, म्हणजे पूर्ण जोरात चालतानाची, मर्यादा 253 वॅट. एएमडीच्या रायझन 9 7950एक्सच्या नावापुढे 170 वॅट लिहिलेलं असतं आणि मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून तो 230 पर्यंत ओढतो. 95 अंशांवर चालत राहणं त्याच्यासाठी नेहमीचं आहे, असं कंपनीच सांगते. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग कारखान्यातच उरकलेलं आहे. तुमच्या वाट्याला उरतो तो तळाशी चिकटलेला चिवडा.

7950एक्स बाजारात आणताना, 2022 मध्ये, एएमडीने एक तुलना दाखवली होती. आधीच्या पिढीच्या 5950एक्सपेक्षा हा नवा प्रोसेसर 170 वॅटच्या वर्गात 35 टक्क्यांपर्यंत पुढे, 105 वॅटवर 37 आणि 65 वॅटवर तब्बल 74. कंपनीचे आकडे आहेत, जरा जपूनच घ्यावेत. पण रोख बघा: चिप जितकी कमी विजेवर चालवा, तितकी नव्या तंत्रज्ञानाची खरी कमाई उठून दिसते. पूर्ण वीज दिली की ती कमाई उष्णतेत विरघळते.

आणि उष्णता म्हटली की आपण नागपूरकर तज्ज्ञ. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंश नोंदले गेलेत. (30 मे 2024 ला एका स्वयंचलित केंद्राने 56 दाखवून देशभर खळबळ उडवली, पण सेन्सरच बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. 45 ला आम्ही नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले नऊ कडक दिवस, म्हणतो आणि कूलरच्या टाकीत पाणी भरायला उठतो.) प्रोसेसरच्या चाचण्या वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटते: त्या बहुतेक 20 ते 25 अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. हीटसिंक (चिपवर बसवलेला धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत, खोलीच्या वर किती चढायचं एवढंच ठरवतात. समजा तुमचा हीटसिंक वॅटमागे पाव अंश चढू देतो. 200 वॅटला चढ 50 अंश. 24 अंशांच्या खोलीत चिप 74 वर राहील. नागपूरच्या बर्डीवरच्या पत्र्याच्या छताखालच्या दुकानात, जिथे दुपारी आत 42 असतं, तीच चिप तोच हीटसिंक लावून 92 ला टेकेल. ओव्हरक्लॉक करून आणखी 40 वॅट वाढवले की ती आपली मर्यादा गाठते आणि स्वतःहून वेग उतरवते. म्हणजे व्होल्टेज वाढवलं, वीज जाळली, आणि दुपारी दोन वाजता हाती आला तो मूळचाच वेग, कदाचित त्याहून कमी. त्यात मघाशी सांगितलेली झिरपही तापमानासोबत वाढते. तोच प्रोसेसर, तेच काम, तरी जानेवारीपेक्षा मे महिन्यात तो जास्त वीज खातो.

यावर घरोघरी निघालेला तोडगा म्हणजे पीसी डेझर्ट कूलरच्या तोंडाशी आणून ठेवणं. कल्पना चूक नाही. कोरड्या उन्हाळ्यात वूडवूलच्या ताट्यांतून आलेली हवा बाहेरच्यापेक्षा पंधराएक अंश थंड असते, आणि तो प्रत्येक अंश थेट चिपच्या तापमानातून वजा होतो. दमट हवेने चिपवर दव धरेल ही भीतीही निराधार, कारण चालू चिप खोलीपेक्षा गरमच असते. खरा त्रास वेगळाच. कूलरच्या झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी जड असेल तर ते वाळून हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा क्षार बसतो. एका हंगामानंतर केस उघडून बघा: धूळ आणि क्षार मिळून पात्यांच्या फटीत राखाडी खरवड जमलेली असते, ब्रशने निघत नाही, आणि हवा तिच्यातून जात नाही. त्यामुळे पीसी कूलरच्या खोलीत जरूर ठेवा, पण झोताच्या बाजूला.

प्रोसेसरने खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. 250 वॅटचा प्रोसेसर हा 250 वॅटचा हीटरच. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल लागतात. त्या हिशेबाने 250 वॅटची उष्णता मारायला ताशी पावणेचारशे मिलिलिटर पाणी उडायला हवं. एसी असेल तर या 250 वॅटसाठी तो वरून आणखी सत्तर-ऐंशी वॅट ओढणार. आणि ही वीज जिथून येते ते कोराडी शहराच्या उत्तरेला दिसतंच. कोळशावरच्या केंद्रात इंधनाच्या उष्णतेतला साधारण 35 ते 40 टक्के भागच वीज होतो, तेव्हा तुमच्या जास्तीच्या 100 वॅटमागे तिथे अडीचशेहून अधिक वॅटची उष्णता जळते.

“पण काम लवकर संपतं ना? मग वीज वाचली!” हा युक्तिवाद हमखास येतो. तो पूर्ण खोटा नाही, म्हणून आकड्यांनी बघू. एक व्हिडिओ रेंडर करायला तास लागतो, प्रोसेसर 120 वॅट घेतो, मॉनिटर-मदरबोर्ड-पंखे वगैरे मिळून 60. एकूण 180 वॅट-तास. मघाच्या घनाच्या सूत्राने वेग 10 टक्के वाढवला तर प्रोसेसर 160 वर जातो, काम 55 मिनिटांत उरकतं आणि खर्च होतो 200 वॅट-तास. पाच मिनिटं वाचली, वीज अकरा टक्के जास्त गेली. वेग 10 टक्के कमी केला तर सात मिनिटं जास्त लागतात, खर्च 164. निम्म्यावर आणला तर 150. पण 30 टक्क्यांवर आणलात तर 211! कारण ते बाकीचे 60 वॅट तीन तासांहून जास्त वेळ चालू राहतात. प्रत्यक्षात व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरतच नाही, त्यामुळे हा खड्डा आणखी आधी संपतो. सारांश इतकाच की फायद्याची जागा मधे कुठेतरी असते आणि ती कारखान्याच्या सेटिंगच्या बरीच खाली असते.

पैशांत म्हणाल तर रोज चार तास 125 वॅट जास्त म्हणजे महिन्याला पंधरा युनिट. पंधरा युनिटनी कोणाचं दिवाळं निघत नाही. पण उन्हाळ्यात कूलर-पंखे-फ्रिज मिळून मीटर तीनशेच्या पुढे गेलेलाच असतो आणि महावितरणच्या बिलात ही पंधरा युनिटं वरच्या स्लॅबच्या दराने पडतात. शिवाय 600 व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम 360 वॅट पेलतो. ग्राफिक्स कार्ड आणि ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर एकदम जोरात आले आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली, तर यूपीएस ‘टुक’ करून बंद.

आयुष्याचं काय? चिपमधल्या तारांत करंट जास्त आणि तापमान जास्त असेल तर धावणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंना हळूहळू ढकलत नेतात, वाऱ्याने वाळू सरकावी तसे. एका बाजूला तार बारीक होते, दुसरीकडे गाठ येते. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि तापमानासोबत ते झपाट्याने वाढतं. वाढीव व्होल्टेजने ट्रान्झिस्टर म्हातारे होतात ते वेगळंच. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी याचा धडा सगळ्यांसमोर दिला. गेम आणि प्रोग्राम अचानक कोसळू लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो आणि त्याने त्याचे सर्किट झिजतात, हे 2024 मध्ये कंपनीने मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरमधल्या मूळ सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर घेतलेल्या कित्येकांनी बायोसला हातही लावलेला नव्हता.

मग आज बायोसमध्ये जायचंच नाही का? जायचं, पण उलट्या कामासाठी. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते आणि कंपनी सर्वांत ढिली चिपही चालावी म्हणून सगळ्यांनाच थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवते. तुमच्या चिपला त्यातलं किती नको आहे, हे शोधणं म्हणजे अंडरव्होल्टिंग. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज खालीवर करायची सेटिंग) उघडून सर्व कोअरना उणे 10 द्या, तास-दोन तास ताण चाचणी चालवा, टिकलं तर उणे 15. वेग तोच राहतो किंवा उष्णता घटल्यामुळे थोडा वाढतोही. घाई मात्र नको: फार खाली गेलं की पीसी कोसळतोच असं नाही, कधी चूक उत्तर देऊन गप्प चालू राहतो. एक्सेलमध्ये जीएसटी भरणाऱ्याला हे परवडणारं नाही.

द्रव हेलियम ओतून 9 गिगाहर्ट्झच्या पुढे जाणारे लोक आहेत, आणि तो खेळ बघायला मजा येते. उणे 269 अंशांचं ते द्रव नागपूरच्या धंतोलीत मिळत नाही. घरच्या पीसीचं माझं मत साधं आहे. 7950एक्ससारखा प्रोसेसर असेल तर मार्च ते जून इको मोड (बायोसमधली कमी विजेची सेटिंग) 65 वॅटवर टाका. तेव्हा तो सॉकेटमधून 88 वॅटपुढे जात नाही. पाऊस पडून हवा चिकट झाली की कूलर कुचकामी होतो, तेव्हाही तिथेच राहू द्या. डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की हवं तर 105 करा.