स्टीलहेडची फ्लाय फिशिंग (ग्रेट लेक्सच्या नद्या)

उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स या विशाल सरोवरांना मिळणाऱ्या नद्या-ओढ्यांत चढून येणारे स्टीलहेड मासे फ्लायवर, म्हणजे गळावर पिसे-धागे बांधून केलेल्या हलक्या नकली आमिषावर, पकडण्याची पद्धत. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यात सोडली गेली तीच जात. फरक इतकाच की स्टीलहेड नदीत जन्मतो, मोठ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. मूळ पॅसिफिक किनाऱ्यावर ते मोठे पाणी समुद्राचे असते, इथे सरोवराचे. मिशिगनमधील ऑ सेबल नदीत ही जात 1876 मध्ये सोडली गेली. आज काही नद्यांत ती आपोआप वाढते, तर ईरी सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर मुख्यतः मत्स्यबीज केंद्रांतून सोडलेल्या पिल्लांवर टिकून आहे.

मासे साधारण ऑक्टोबरपासून नदीत येऊ लागतात, हिवाळा खोल डोहांत काढतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास अंडी घालतात. पॅसिफिक सामन मासे अंडी घातल्यावर मरतात, तसे हे मरत नाहीत. बरेचसे सरोवरात परत जातात. पाणी 4 ते 13 अंश सेल्सिअस असताना मासा अंगात जोर धरून असतो. त्याखाली तो सुस्तावतो आणि आमिषासाठी हातभरसुद्धा सरकत नाही, म्हणून आमिष अगदी तोंडासमोरून जावे लागते.

कुठला फ्लाय बांधायचा याआधी पाणी पाहावे. ईरीला मिळणाऱ्या ओढ्यांचा तळ शेल खडकाचा. पाऊस त्यात मुरत नाही, त्यामुळे पाणी झपाट्याने चढते आणि तितक्याच लवकर उतरते. आधी ते चहासारखे गढूळ, मग शेवाळी हिरवट, शेवटी नितळ होते. मासेमारी साधते ती हिरवट टप्प्यात: गुडघाभर पाण्यात उभे राहिल्यावर बुटाची टोके जेमतेम दिसतील इतपत. नितळ पाण्यात मासा सावलीनेही बुजतो. ऑन्टारिओ सरोवराला मिळणाऱ्या सामन नदीत पाणी धरणातून सुटते, म्हणून तिथे विसर्गाचा आकडा पाहून निघतात. तिच्या वरच्या भागात, आल्टमारजवळ, फक्त फ्लाय वापरायचा आणि मासा सोडून द्यायचा असे राखीव टप्पे आहेत.

काठी साडेनऊ ते दहा फुटांची, 7 किंवा 8 नंबरची (हा नंबर दोरीच्या वजनाचा). फ्लायला स्वतःचे वजन जवळपास नसते. फेकली जाते ती जाड दोरी. दोरीपुढे सुमारे 9 फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता पारदर्शक धागा, आणि टोकाला टिपेट, म्हणजे 6 ते 8 पौंडांचा ताण सोसणारा बारीक फ्लुरोकार्बन धागा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली की घर्षणाने टिपेट तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. फ्लाय बहुधा अंड्यांच्या नकला असतात, 10 ते 14 नंबरच्या गळावर बांधलेल्या. गढुळात मोठे आणि भडक, नितळात लहान आणि फिके. स्टोनफ्लाय या पाणकिड्याच्या अळीची नक्कल आणि वूली बगर नावाचा केसाळ फ्लायही चालतो.

रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा फ्लायमध्ये नसतो, वाहण्यात असतो. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा वेगाने धावते. वर तरंगणारा इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा छोटा तरंगक, त्या वेगाने गेला की खालचा फ्लाय ओढला जातो आणि तळाशी अंग धरून असलेल्या माशाच्या डोक्यावरून निघून जातो. इंडिकेटर शेजारच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू जात असेल, तर फ्लाय योग्य थरात आहे असे समजावे. त्यासाठी दोरी पाण्यावर पडताच तिचा प्रवाहाने वाकणारा फुगवटा उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचा. शिशाचे मणी फ्लायच्या वर वीतभर अंतरावर लावावेत. ते तीन-चार सेकंदांनी एकदा तळाला टेकले पाहिजेत: कधीच टेकत नसतील तर एक मणी वाढवा, प्रत्येक फेकीत अडकत असतील तर एक काढा. हा एक मणी आठ फ्लाय बदलण्यापेक्षा जास्त मासे देतो.

इंडिकेटर थबकला, तिरका झाला, बुडाला की हिसका द्यायचा, दगड वाटला तरीही. हिसका वर नव्हे, काठी आडवी ठेवून प्रवाहाच्या खालच्या दिशेला. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो; प्रवाहाच्या वरच्या दिशेला ओढले तर गळ तोंडातून निसटतो, खालच्या दिशेला ओढले तर जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. गळाला लागलेल्या माशाच्या पहिल्या धावेत रिळाची मूठ सोडून द्यावी. तिथे बोटे अडकली की टिपेट गेलाच.

कडाक्याच्या थंडीत काठीच्या कड्यांत बर्फ साचतो. काठी पाण्यात बुडवून तो विरघळू द्यावा. तसाच रीळ फिरवला तर दोरीचे आवरण सोलले जाते. शेल ओला असताना साबणासारखा निसरडा होतो, म्हणून बुटांना खिळे हवेतच. शून्याखालच्या हवेत मासा वर काढून धरू नये, कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांवर बर्फ धरतो. गळ पाण्यातच सोडवावा. गळाची उलटी टोच आधीच चिमट्याने दाबलेली असेल तर तो एका हाताने सुटतो.

हे मासे कणखर दिसतात, पण त्यांचे दुखणे सरोवरातून येते. एलवाइफ या छोट्या माशात थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) मोडणारे द्रव्य असते. तोच मुख्य आहार झाला की शरीरातले थायमिन घटते. 2014 च्या अखेरीस सामन नदीत स्टीलहेड गोल गोल फिरत मरू लागले, ते याच कमतरतेने.

वसंतात नदीच्या उथळ भागात खडीचा एखादा पाटाएवढा स्वच्छ, उजळ पट्टा दिसतो. आजूबाजूचे दगड शेवाळलेले आणि हा धुतल्यासारखा. मादीने शेपटीने उकरलेला अंड्यांचा खळगा तो हाच. त्यावर पाय पडला की खडीखालची अंडी चिरडतात. त्यावरच्या जोडीला गळ टाकू नये आणि नदी ओलांडताना त्याच्या खालच्या बाजूलाही उतरू नये, कारण आधी घातलेली अंडी तिथल्या खडीतही असू शकतात.