सॉर्बे आणि ग्रॅनिटा: रस तोच, साखर वेगळी

संत्र्याचा रस, साखर आणि लिंबाचे काही थेंब एवढ्याच जिन्नसांतून सॉर्बे तयार होते आणि याच जिन्नसांतून ग्रॅनिटाही होतो. दोन्हींत दूध नसते, साय नसते, आणि दोन्ही घरच्या साध्या फ्रीझरमध्ये गोठवता येतात. त्यामुळे ही एकाच पदार्थाची दोन नावे आहेत असे समजून अनेक जण एकाच्या प्रमाणाने दुसरा पदार्थ करायला घेतात, आणि मग सॉर्बेच्या डब्यातून दगडासारखा बर्फ निघतो किंवा ग्रॅनिटाच्या ताटात रात्रभर गोठूनही चिकट लगदाच उरतो. मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वीच आपल्याला यांपैकी काय हवे आहे हे ठरवावे लागते, कारण दोन्हींतला मुख्य फरक साखरेच्या प्रमाणात आहे आणि तो नंतर ढवळून भरून निघत नाही.

चांगले सॉर्बे चमच्याने अलगद उचलता येते आणि जिभेवर मऊसूत लागते. त्यात बर्फाचे कण असतातच, पण ते इतके बारीक असतात की जिभेला वेगवेगळे जाणवत नाहीत. ग्रॅनिटा मात्र मुद्दाम रवाळ ठेवलेला असतो. त्याचे नावच दाणेदार या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आले आहे, आणि दाताखाली किंचित कुरकुरून लगेच विरघळणारे कण हाच त्याचा गुण आहे. (सिसिलीच्या पूर्व भागातला ग्रॅनिटा बराच मऊ असतो, येथे काट्याने खरवडून केलेला घरगुती ग्रॅनिटा अभिप्रेत आहे.)

हा फरक साखरेमुळे कसा पडतो, हे समजून घेण्याजोगे आहे. १ किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, तर त्या पाण्याचा गोठणबिंदू जेमतेम १.८६ अंश सेल्सिअसने खाली जातो. घरच्या फ्रीझरचे तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असते. मग एवढ्याशा फरकाने सॉर्बे मऊ कसे राहते? याचे उत्तर असे की, मिश्रण गोठू लागते तेव्हा फक्त पाण्याचा बर्फ होतो आणि साखर उरलेल्या पाण्यातच राहते. पाणी जसजसे बर्फ होऊन बाजूला पडते, तसतसा उरलेला पाक अधिक दाट होतो, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो आणि शेवटी फ्रीझरच्या थंडीतही न गोठलेला दाट पाक बर्फाच्या कणांभोवती शिल्लक राहतो. चमचा सहज आत जातो तो या पाकामुळे. एकाच तापमानाला हा पाक सारखाच दाट असतो, म्हणून तो किती उरेल हे मूळ साखरेवर अवलंबून असते. साखर दुप्पट असेल, तर न गोठलेला पाकही जवळपास दुप्पट राहतो.

सॉर्बेसाठी फळातील आणि वरून घातलेली अशी एकूण साखर मिश्रणाच्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के असावी, तर ग्रॅनिटासाठी १२ ते १६ टक्के पुरते. संत्र्याच्या ५०० ग्रॅम रसात स्वतःची साखर सुमारे ४५ ग्रॅम असते. त्याचे सॉर्बे करायचे तर वरून ११५ ग्रॅमच्या आसपास साखर लागते आणि ग्रॅनिटा करायचा तर जवळपास ३० ग्रॅम. रस तोच, पण वरची साखर जवळजवळ चौपट. थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून सॉर्बेचे मिश्रण गोठण्यापूर्वी चाखल्यावर जरा जास्तच गोड लागले तर घाबरून त्यात पाणी वाढवू नये.

घरात लहान मुले असली की साखर कमी करावी असे वाटणे अगदी रास्त आहे. मीही त्याच विचाराने एकदा सॉर्बेच्या कृतीतली साखर निम्मी केली होती. मिश्रण इतके घट्ट गोठले की डबा अर्धा तास बाहेर ठेवल्यावर कडा वितळल्या, पण मधला भाग तसाच कडक राहिला. सॉर्बेमध्ये साखर केवळ गोडीसाठी नसते, त्या पदार्थाचा पोत तीच घडवते. म्हणून साखर कमी हवी असेल, तर सॉर्बेचे प्रमाण बिघडवण्यापेक्षा सरळ ग्रॅनिटा करावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात कमी साखर ही उणीव ठरत नाही, कारण ती जास्त असेल तर कण मोकळे होतच नाहीत.

साखरेऐवजी मध वापरायचा असेल, तर त्यातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे रेणू साध्या साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात, म्हणजे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या अधिक भरते आणि गोठणबिंदू अधिक खाली जातो, हे लक्षात ठेवावे. सॉर्बेमध्ये थोडा मध मऊपणा आणतो. ग्रॅनिटामध्ये तो टाळलेलाच बरा. एक वर्षाच्या आतील बाळाला मध असलेला पदार्थ मुळीच देऊ नये.

वजनकाटा नसेल किंवा फळाची गोडी ठाऊक नसेल, तर सॉर्बेसाठी अंड्याची जुनी चाचणी उपयोगी पडते. थोडे मिश्रण वेगळ्या उभ्या पेल्यात घेऊन त्यात धुऊन पुसलेले, कवचासकट ताजे अंडे सोडावे. ते वर येऊन त्याचा नाण्याएवढा भाग बाहेर दिसला, तर साखर सॉर्बेजोगी आहे. बुडाले तर साखर कमी आहे. चाचणीचे मिश्रण टाकून द्यावे. अंडे ताजेच हवे, कारण शिळ्या अंड्यात हवेची पोकळी वाढलेली असते आणि ते साध्या पाण्यातही तरंगू शकते. ही चाचणी पातळ रसापुरतीच खरी आहे. दाट गरात अंडे साखरेवाचूनही अडकून राहते.

आता कृतीकडे वळू. सॉर्बेमध्ये बर्फाचे कण लहान राहावेत म्हणून मिश्रण आधी फ्रिजमध्ये चांगले गार करावे, मग भरभर गोठवावे आणि गोठताना फिरवत राहावे. यंत्र नसेल, तर मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये पूर्ण गोठवून, त्याचे खडे थंड केलेल्या मिक्सरच्या भांड्यात मऊ होईपर्यंत फिरवावेत आणि पुन्हा दोनेक तास फ्रीझरमध्ये ठेवावेत. ग्रॅनिटाची कृती याच्या उलट, धीमी आहे. मिश्रण पसरट ताटात बोटभर जाडीने ओतावे, आणि कडा गोठू लागल्या की दर अर्ध्या ते पाऊण तासाने काट्याने कडेकडून मध्याकडे खरवडत जावे. साधारण तीन ते चार तासांत ताटभर मोकळा, चमकदार चुरा होतो. येथे मिक्सर वापरू नये, कारण त्याने कण चिरडून सगळ्याचा लगदा होतो.

फळ निवडतानाही या दोन पोतांचा विचार करावा. आंबा, पीच, स्ट्रॉबेरी यांसारख्या गरदार फळांतील तंतू आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात, म्हणून ती सॉर्बेला साजतात. कलिंगड, लिंबू, संत्रे यांचे पातळ रस ग्रॅनिटात अधिक खुलतात. कलिंगडाचे सॉर्बे करता येते, पण त्याच्या हलक्या चवीवर एवढी साखर मात करते.

सॉर्बे हवाबंद डब्यात, पृष्ठभागावर कागद चिकटवून, फ्रीझरच्या आतल्या बाजूस ठेवावे; दाराजवळ तापमान वरखाली होते, बारीक कण वितळून मोठ्या कणांवर पुन्हा गोठतात आणि आठवड्याभरात पोत खडबडीत होतो. ग्रॅनिटा ठेवल्याने एकसंध घट्ट झाला, तर पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवून पुन्हा खरवडला की मोकळा होतो. सॉर्बे कडक झाले असेल, तर ते पूर्ण वितळवून, त्यात गार केलेला साखरेचा पाक मिसळून नव्याने गोठवावे. ग्रॅनिटा गोठतच नसेल, तर त्यात बिनसाखरेचा रस किंवा पाणी घालावे. आणि कडक झालेल्या सॉर्बेत आणखी साखर घालण्याची इच्छा नसेल, तर ते वितळवून पसरट ताटात ओतावे आणि काटा हाती घ्यावा.